एकसष्ट हजारांतली लंका

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या जागी आजवर मोठमोठ्या लोकांनी प्रवासवर्णनं केली आहेत. कुणी युरोप सांगितला, कुणी अमेरिकेतल्या नातवंडांकडचे सहा महिने सांगितले. आम्ही पडलो राज्य शासनाचे उपयंत्री, शिक्षण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, काम तलाव आणि नहरींचं. त्यामुळे सचिवांनी "तुमच्या श्रीलंकेवर बोला" म्हटलं तेव्हा आम्ही दोघंही थोडे चपापलो. कारण तो प्रवास आम्ही कुणाला फारसा सांगितलाच नव्हता. का सांगितला नव्हता, तिथूनच सुरुवात करतो.

लग्नाला वीस वर्षं होतील तेव्हा एकदा परदेश बघायचा, असं आमचं ठरलं होतं. युरोपच्या टूरसाठी आठ वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले. 2023 मध्ये वडिलांची बायपास झाली. वडील आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत, तेव्हा ते पैसे योग्य ठिकाणी लागले याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण खात्यात उरले सत्तर हजार. युरोप राहिला बाजूला, दुबईसुद्धा जमेना. ही म्हणाली, "राहू द्या आता, उज्जैनला जाऊन येऊ." आणि तसं म्हणताना तिनं कपाटातला तो जुना टूरचा कॅटलॉग रद्दीत टाकला. ते काही आम्हाला बघवलं नाही.

मग हिशेब मांडला. सत्तर हजारांत दोन माणसं कुठल्या देशात जाऊन येतील? उत्तर आलं श्रीलंका. त्या वेळी, म्हणजे जानेवारी 2024 मध्ये, भारतीयांना तिथलं व्हिसाशुल्क माफ होतं. फक्त ऑनलाइन ईटीए काढायचा. आपल्या एका रुपयाला तिथले साडेतीन-चार रुपये मिळत होते. पण एवढ्या पैशांत गाडी, ड्रायव्हर, हॉटेल असं काही बसत नव्हतं. बस, रेल्वेचा तिसरा वर्ग आणि लोकांच्या घरातली भाड्याची खोली, एवढंच बसत होतं. ऑफिसातून परदेश-प्रवासाची परवानगी घेतली, मुलीला आजी-आजोबांजवळ ठेवलं आणि इथून रेल्वेनं चेन्नई गाठलं. तिथून कोलंबो विमानानं सव्वा-दीड तासावर.

निघण्यापूर्वी ओळखीतल्या एकानं विचारलं, "कुठल्या टूरबरोबर जाताय?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. एस.टी.नं परदेश फिरणार, हे सांगायची लाज वाटली. आज सांगतो, ती लाज उगाच होती.

श्रीलंकेत सरकारी बस लाल रंगाची. डबा जुना, खिडक्या उघड्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्धाचा फोटो आणि भोवती लुकलुकणारे दिवे. पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव. भिक्खू चढले की बसलेला माणूस न सांगता उठतो. बसवरची पाटी तीन लिप्यांत: सिंहली, तमिळ, इंग्रजी. रस्त्यात कुठंही हात दाखवला की बस थांबते, पण पूर्ण थांबतेच असं नाही. पाय टेकवेपर्यंत कंडक्टर हाताला धरून आत ओढतो. पाठीवरची सॅक मांडीवर घ्यावी लागते. तासन्‌तास सिंहली गाणी मोठ्यानं चालू असतात. दुसऱ्या दिवशी आम्हाला त्यातली दोन पाठ झाली.

विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला, काटुनायकला. त्यामुळे आम्ही कोलंबो शहरात गेलोच नाही. जवळच्या नेगोंबोला रात्र काढली, सकाळी कुरुनेगलची बस धरली, तिथून डंबुल्ला. भाषेची भीती होती. पण सिंहली ही आपल्याच भाषाकुळातली, हे बसमध्येच कळायला लागलं. एक, दोन, तीनला ते एक, देक, तुन म्हणतात. भाताला बत, मिठाला लुणु म्हणजे आपलं लूण, विस्तवाला गिनि म्हणजे अग्नी, दुधाला किरि म्हणजे क्षीर. गावाला गम. मोठ्या बहिणीला अक्का आणि मामाला मामाच. आमच्या हिला तर ही मोठीच गंमत वाटली. ती बालवाडीत शिकवते. तिनं वहीत यादीच सुरू केली. शेजारी बसलेल्या शाळकरी मुली तिची यादी तपासून देत होत्या. "कीयद" म्हणजे कितीला, "इस्तूति" म्हणजे आभार, या दोन शब्दांवर पुढचे नऊ दिवस निघाले.

डंबुल्लाच्या पुढं केकिराव म्हणून एक गाव लागतं. तिथून कलावेवाच्या बाजूला एका खेड्यात आम्ही खोली घेतली होती. शेवटची बस साडेपाचला असते, असं घरमालकिणीनं फोनवर बजावलं होतं. आम्ही स्टँडवर चहा पीत बसलो आणि बस गेली. अंधार पडायला लागला. मग एक टुकटुकवाला तयार झाला, पण दोनदा विचारून: सामान किती, गाव नक्की कुठलं. का विचारतोय ते कळेना. अर्ध्या वाटेवर जंगलासारखा भाग आला तेव्हा त्यानं गाडी थांबवली. खाली उतरला, झुडपाची एक पालेदार डहाळी तोडली, मोठ्या झाडाखाली एक दगड होता त्याच्यावर आडव्या बांधलेल्या काठीला ती अडकवली, हात जोडले आणि परत आला. काठीवर आधीच्या कितीतरी वाळलेल्या डहाळ्या लटकत होत्या. आम्ही विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "गण देवियो." आणि पुढच्या रस्त्याकडं बोट करून म्हणाला, "अलिया." अलिया म्हणजे हत्ती.

मंडळींनो, आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. गण देवियो म्हणजे आपला गणपती. त्या भागातले सिंहली बौद्ध शेतकरी त्याला पुल्लेयारही म्हणतात. हत्ती ज्याचं तोंड आहे तोच हत्तींपासून वाचवील, असा सरळ हिशेब. मखर नाही, मोदक नाही. जंगलात शिरण्याआधी एक डहाळी अर्पण करायची आणि निघायचं. ही खाली उतरली, तिनंही एक डहाळी लावली. परदेशातलं आमचं पहिलं देवदर्शन ते.

हत्ती त्या रात्री दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कलावेवाच्या काठावर लांबून दिसले, चरत होते. बघायला छान वाटलं. पण तिथला शेतकरी त्यांच्याकडं तसं बघत नाही. भाताचं पीक तयार झालं की रात्रभर झाडावरच्या मचाणावर जागावं लागतं.

आता त्या घराविषयी. घर दोन खोल्यांचं, पुढं पडवी, मागं नारळ आणि फणस. घरमालकिणीला सगळं गाव अक्का म्हणायचं, आम्हीही तेच म्हणू लागलो. नवरा सत्तरीचा, भातशेती करणारा. त्यांना आम्ही मामा म्हणत होतो आणि ते त्यांना बरोबर वाटत होतं. इंग्रजी येणारी त्यांची भाची शेजारच्या शाळेत शिक्षिका; ती संध्याकाळी यायची. दिवसभराचे राहिलेले प्रश्न आम्ही तिच्यासाठी साठवून ठेवायचो.

खोली त्यांच्या मुलाची. भिंतीवर शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीची पदकं टांगलेली. मुलगा दक्षिण कोरियात कारखान्यात कामाला गेलेला. 2021 मध्ये तिथल्या सरकारनं रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. काही महिन्यांनी निर्णय मागं घेतला, पण तोवर हंगाम गेला. मामांचं भात निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी देशच दिवाळखोरीत निघाला, पेट्रोलला दिवसदिवस रांगा. मुलगा तेव्हाच गेला. त्याची रिकामी खोली म्हणून पाहुण्यांना द्यायला लागले. आम्ही आपल्या तेराशे रुपयांत नाश्त्यासकट राहिलो, ती खोली अशी स्वस्त झालेली होती. हे कळल्यावर घासाघीस करायची आमची सवय तिथं सुटली.

जेवणाचं सांगतो, कारण नंतर सगळे तेच विचारतात. दुपारी भात, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण, दोन-तीन भाज्या, पालेभाजी आणि ओलं खोबरं घालून केलेलं मल्लुंग आणि तिखट पोळ सांबोल. सांबोलमध्ये सुक्या मासळीचा चुरा घालतात. शाकाहारी असाल तर आधी सांगावं लागतं. "उंबलकड नको" एवढं म्हटलं की पुरतं. बस स्टँडवर हेच जेवण पुडक्यात बांधून मिळतं. एका पुडक्यात आम्हा दोघांचं भागायचं. अक्काकडं नाचणीचं पीठ होतं, त्याला ते कुरक्कन म्हणतात आणि जाड रोटी करतात. हिनं एका संध्याकाळी त्याच पिठाची भाकरी थापून दाखवली. इथून नेलेल्या मेतकुटाबरोबर मामांनी दोन खाल्ल्या. अक्कानं हातावर थापायचा प्रयत्न केला, भाकरी तीनदा फाटली, चौथ्यांदा जमली. त्या दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं, पण स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी आमचा धंदा मामांना कळला. भाचीनं सांगितलं असावं की पाहुणा सिंचनातला आहे. पहाटे सहाला मामा दाराशी हजर. "चला, वेव दाखवतो."

वेव म्हणजे तळं. शब्द संस्कृत-पालीतल्या वापीवरून आला. आपली बाव आणि बावडी तिथूनच आली. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी पडतो, मग महिनोन्‌महिने कोरडं. म्हणून हजारो वर्षांपासून तिथं गावागणिक तळं. मोठी तळी राजांनी बांधली. कलावेवा पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधला. तिथून अनुराधपूरच्या तिस्सवेवापर्यंत 87 किलोमीटरचा कालवा काढला, त्याला योदा एळ किंवा जयगंगा म्हणतात. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा उतार मैलाला सहा इंचांच्या आसपास असल्याचं सांगतात. म्हणजे किलोमीटरला दहा सेंटिमीटरसुद्धा नाही. आम्ही लेव्हल मशिन लावून उतार काढणारी माणसं. नवी नहर करताना ठेकेदाराकडून याहून जास्त उतार नीट धरून घेताना आमच्या नाकी नऊ येतात. आम्ही त्या कालव्याच्या काठावर बराच वेळ गप्प उभे होतो.

धातुसेनाची एक गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत आहे. मुलगा काश्यप यानं बापाला कैद केलं आणि विचारलं, खजिना कुठं आहे? बाप त्याला कलावेवाच्या काठी घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी संपत्ती ती ही. काश्यपानं त्याला मारलं आणि पुढं सिगिरियाच्या कड्यावर राजवाडा बांधला. सगळे पर्यटक सिगिरियाला जातात. त्या वेळी परदेशी माणसाला तिकीट तीस डॉलर होतं, आपल्या सार्क देशांना निम्मं. आम्ही समोरच्या पिदुरंगल टेकडीवर थोड्या पैशांत चढलो आणि तिथून सिगिरिया पाहिला. पैसे वाचवायला गेलो होतो, पण सिगिरियाचा तो अख्खा कडा समोरूनच नीट दिसतो.

पण मामांना दाखवायचं होतं त्यांच्या गावचं तळं. ते लहान. पाळ जेमतेम चारशे पावलांची. त्यांनी एकेक गोष्ट हातानं दाखवली. वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखलेला, वारा अडवायला आणि गाळ धरायला. पाळीखाली, भातखाचरं सुरू होण्याआधी, आणखी एक झाडोऱ्याचा पट्टा. त्याला कट्टकडुव म्हणतात. पाळीतून झिरपणाऱ्या पाण्यातले क्षार तिथं अडतात, शेतात उतरत नाहीत. ती जमीन पिकाखाली आणायची नाही, असा रिवाज. तळ्याचं आणि शेतातलं वाया गेलेलं पाणी खाली वाहत जाऊन पुढच्या गावच्या तळ्यात. त्याचं त्याच्या पुढच्या. अशी माळच असते. मोठ्या तळ्यांना पाणी सोडायच्या मोरीवर चौकोनी दगडी विहीर बांधलेली, तिला बिसोकोटुव म्हणतात. दाबाखालचं पाणी तिथं ताब्यात आणून सोडायचं. ही युक्ती दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची.

आम्ही म्हटलं, बांधकाम उत्तम. पण पाणी कमी पडलं की काय करता?

हा प्रश्न आम्ही नुसता विचारायचा म्हणून विचारला नव्हता. आमच्याकडं एक लहान तलाव आहे. रब्बीला गव्हासाठी पाणी सोडलं की वरचे शेतकरी कुलाबा फोडून जास्त घेतात आणि शेवटच्या टोकाच्या लोकांपर्यंत पाणी पोचत नाही. दर वर्षी भांडण. कमी पावसाच्या वर्षी एका टेलच्या शेतकऱ्यानं वाळलेल्या गव्हाची पेंढी आणून आमच्या टेबलावर ठेवली होती. काही बोलला नाही. ठेवली आणि गेला. ती पेंढी आम्ही बरेच दिवस फेकू शकलो नाही. नियमाप्रमाणं आमचं काही चुकलं नव्हतं. पण आमच्याकडं त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

मामा पाळीवर बसले आणि काडीनं मातीत रेघा ओढल्या. समजा तळं भरलं तर साठ एकर भिजतात. अर्धंही भरलं नाही तर हंगामापूर्वी सगळे शेतकरी बसतात. त्या बैठकीला कन्न बैठक म्हणतात. पाणी किती, एकर किती, दरवाजा कधी उघडायचा, सगळं तिथं ठरतं. आणि ठरतं की यंदा बेत्म करायचा. म्हणजे पाळीजवळची वीसच एकर पिकवायची. चारी लांब न्यायची नाही, पाणी वाटेत मुरू द्यायचं नाही. आणि ती वीस एकर ज्यांची आहेत त्यांच्याकडंच ठेवायची नाहीत. एका हंगामापुरती सगळ्या गावात वाटायची, ज्याची मूळ जमीन जेवढी त्या प्रमाणात. शेवटच्या टोकाच्या माणसालाही पाळीजवळ तुकडा मिळतो.

आम्ही विचारलं, "आपलं चांगलं शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं?"

"एका हंगामापुरतं."

"आणि कुणी नाही दिलं तर?"

भाचीनं भाषांतर केलं तेव्हा मामा हसले. म्हणाले, "मग त्याच्या मुलीच्या लग्नात भात कोण शिजवायला येईल?"

त्यांनी हेही सांगितलं की आता सगळीकडं असं राहिलं नाही. विहिरी झाल्या, पंप आले, तरुण मुलं गेली. पूर्वी पाण्यावर वेल विदाने नावाचा गावचा माणूस असायचा, त्याचा शब्द चालायचा. आता समित्या आहेत, आणि समितीत भांडणंही आहेत. पण पाणी फारच कमी असलं की लोकांना अजून बेत्म आठवतो.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं काय करता?" आम्ही म्हटलं, "आमच्याकडं असं काही नाही." हे उत्तर चुकीचं होतं. ते कसं, ते शेवटी सांगतो.

निघताना मामांनी शेवटच्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत. हिनं मेतकुटाची उरलेली बरणी आणि शेवेचं पाकीट अक्काला दिलं. बस लांबून दिसली तशी अक्कानं स्वतः रस्त्यात जाऊन हात दाखवला.

पुढचं थोडक्यात सांगतो. अवुकनची बुद्धमूर्ती पाहिली, एका कड्यात कोरलेली, चाळीस फुटांच्या आसपास उंच, आणि पहाटे तिथं आम्ही दोघंच. मग बसनं कँडी. कँडीहून एल्लाला जाणारी रेल्वे जगप्रसिद्ध आहे. आरक्षणाची तिकिटं कधीच संपलेली असतात. आम्ही शे-दीडशे रुपयांत तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षणाचं तिकीट घेतलं आणि तीन तास उभे राहिलो. हॅटनच्या आसपास चहाच्या मळ्यांतल्या तमिळ बायका चढल्या. त्यातल्या एकीनं सरकून हिला जागा करून दिली. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी मळ्यांवर मजुरीला आणलेल्यांचे हे वंशज. 1948 मध्ये सिलोन स्वतंत्र झाल्यावर तिथल्या कायद्यानं यातल्या लाखोंचं नागरिकत्वच गेलं. 1964 मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला, तेव्हा कुणाला तिकडं ठेवायचं आणि कुणाला इकडं आणायचं, हे आकड्यांत ठरलं. आपणही पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलखाबाहेर राहणारी माणसं. पण आपण आलो ते होळकरांच्या मागोमाग, मानानं. ती बाई घरी तमिळ बोलते, दुकानात सिंहली बोलते आणि दिवसभर चहाची पानं खुडते. तिच्याशेजारी बसून "आम्ही परप्रांतात भाषा टिकवली" असं मिरवायला आमची जीभ रेटली नसती.

गाडी पट्टिपोलला 1891 मीटर उंचीवर पोचते, तिथं स्वेटर काढावे लागतात. देमोदरला रूळ टेकडीला वळसा घालून त्याच स्टेशनच्या खालच्या बोगद्यातून जातात. 1921 साली बांधलेला नऊ कमानींचा पूल त्याच्या अलीकडं. आपल्या पातालपाणी-कालाकुंडच्या घाटाची आठवण झाली आणि आपला घाटही काही कमी नाही, असं दोघांचं एकमत झालं.

आता हिशेब, कारण तुमच्यापैकी काही जण तेवढ्यासाठीच थांबला आहात. दोघांचं विमान 26,400. रेल्वेनं चेन्नईला जाणं-येणं 5,200. नऊ रात्रींचं राहणं 11,700. जेवण-चहा 7,900. तिथली बस, रेल्वे, टुकटुक 3,600. प्रवेशतिकिटं, फोनचं सिम आणि किरकोळ 4,800. भेटवस्तू 1,800. एकूण 61,400. कुणाला जायचं असेल तर व्हिसाचे नियम आणि दर नव्यानं बघून घ्या, ते बदलत असतात. सामान एकेक सॅकच न्या. चाळीस पूर्ण केलेल्यांनी तिसऱ्या वर्गात उभं राहायची तयारी ठेवा. आणि शेवटची बस असताना चहा पीत बसू नका.

घरी आल्यावर धुळ्याहून आमचे एक चुलत आजोबा वडिलांना भेटायला आले होते. आमचं मूळ घराणं पांझरेच्या खोऱ्यातलं. इकडं येऊन तीन पिढ्या झाल्या. आम्ही त्यांना मोठ्या उत्साहानं बेत्म समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे फड."

खानदेशात आणि नाशिकच्या काही भागात नदीवर बंधारे घालून पाणी द्यायची फड पद्धत शेकडो वर्षांची. गावाच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा सगळ्यांचा सारखा. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला, शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. आमचे पणजोबा त्याच फडात कसत होते. आणि त्यांचा पणतू, डिप्लोमा इन सिव्हिल, परक्या देशात तळ्याच्या पाळीवर बसून सांगून आला की आमच्याकडं असं काही नाही.

त्या रात्री आम्ही भाचीला मोठा निरोप पाठवला: मामांना सांगा, आमच्याकडंही होतं, आम्हीच विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मामा म्हणतात, विसरलं तर काही बिघडत नाही, बैठकीला बसलं म्हणजे आठवतं.

म्हणून त्या वर्षी रब्बीच्या आधी आम्ही शेतकऱ्यांच्या संस्थेच्या बैठकीत हे मांडलं. नकाशा काढला, मामांसारखाच, पण कागदावर. वरच्या लोकांनी जमीन वाटून द्यायला साफ नकार दिला. ते होणारही नव्हतं. पण एक गोष्ट ठरली: पाणी सोडायची सुरुवात शेवटच्या टोकापासून करायची आणि पहिलं पाणी टेलला मिळेपर्यंत वरचे कुलाबे बंद. दोन ठिकाणी तरी ते फोडले गेलेच. तरी त्या माणसाला, ज्यानं पेंढी आणून ठेवली होती, त्याला त्या वर्षी तीन पाणी मिळाली. एरवी एक मिळायचं. गहू निघाल्यावर तो परत आला आणि टेबलावर ओंबी ठेवली. तेव्हाही काही बोलला नाही.

मंडळींनो, भरपूर पैसे असते तर आम्ही युरोपला गेलो असतो, आणि चांगलंच झालं असतं. युरोप बघायचा अजून बाकी आहे, आणि त्यासाठी पुन्हा दर महिन्याला पैसे बाजूला टाकतो आहोत. पण खिशात पैसे कमी होते म्हणून आम्हाला रस्ता विचारावा लागला, जागा मागावी लागली, दुसऱ्याच्या मुलाच्या खोलीत झोपावं लागलं. एसी गाडीत बसलो असतो तर ती डहाळी कुणी तोडून लावली असती? मामा पहाटे सहाला दाराशी आले असते का? कमी पैशांत गेलं की माणसांवर अवलंबून राहावं लागतं, आणि अवलंबून राहिलं की माणसं भेटतात. आम्ही लाजत होतो ते नेमकं याच गोष्टीला. यापुढं नाही लाजणार.

समोर बाप्पा बसला आहे, दिव्यांच्या माळांमध्ये. त्याला नमस्कार करताना आम्हा दोघांना आता एक झाड, त्याखालचा दगड आणि काठीवरच्या वाळलेल्या डहाळ्या आठवतात.  

गणपती बाप्पा मोरया!